दोडक्या आंब्यावर चढण्याचं टाचण

दारव्हा,
गावाबाहेरच्या वावरातल्या घरातून
२ जून

तीर्थस्वरूप कोकिळाताईच्या सेवेशी,
धाकटा भाऊ वामनचा (एक पाय दोन उशांवर असल्यामुळे जमेल तेवढा) साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व कुशल आहे, असं लिहायची आपल्या घरची रीत आहे म्हणून लिहिलं. त्यात कितपत तथ्य आहे ते दुसऱ्या पानापर्यंत कळेलच. तुझा नवा गुडघा कसा आहे? वाकतो का? की अजून देवघरात खुर्ची टाकूनच पूजा चालते? भाऊजींचा खोकला कमी आहे का? वणीत तुमच्या दारावरून कोळशाचे ट्रक जातात तोवर तो कमी व्हायचा नाही हे मलाही ठाऊक आहे, पण विचारल्याशिवाय पत्र पुढे सरकत नाही. तुझ्या कपिलची गाडी दुरुस्त झाली का? (हा प्रश्न सहज विचारलेला नाही. कारण शेवटी सांगेन.)

फोन असताना हा म्हातारा पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू विचारतेस, जेवला का? मी म्हणतो, जेवलो. तू म्हणतेस, बरं, ठेवते. इतक्या जागेत मला सांगायचं ते मावत नाही. शिवाय डॉक्टरांनी सहा आठवडे पाय हलवू नका म्हटलं आहे, आणि नुसतं पडून राहिलं की माझं मन मागे मागे जातं. मागे जाण्यासारखं तिथे काही चांगलं ठेवलेलं नाही, हे या तीन आठवड्यांत कळलं. म्हणून म्हटलं, ताईला लिहावं.

मूळ गोष्ट समीक्षाची. आपल्या रजतची पोर, माझी नात, सात वर्षांची झाली, दुसरीची परीक्षा दिली. यवतमाळला फ्लॅटमध्ये राहतात, रजत आणि निशिगंधा दोघंही नोकरीवर. पोर चालायला लागली आणि नेमकं तेव्हाच ते लॉकडाऊन आलं. दोन वर्षं तिने जग पाहिलं ते सोफ्यावरून. अंगणात माती नाही, खाली उतरलं तर गाड्या. आता तिची अक्षरं ओळीत राहत नाहीत, चार ओळी लिहिल्या की हात झटकते, फ्रॉकची बटणं लागत नाहीत, जिना उतरताना कठडा सोडत नाही. वर्गात बाकावर बसल्या बसल्या घसरून पडते. शाळेतून निरोप आला की जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा सुधारणा दिसली नाही, तर पुन्हा दुसरीतच बसवू. ते एक वेळ चालेल. पण काहीही करायला सांगितलं की हात लावायच्या आधीच ही पोर म्हणते, "मला नाही जमत." ताई, ते ऐकवत नाही. आपल्या घरात इतकं लहान असताना असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. (म्हटलं होतं एकाने. त्याचंही पुढे येईल.)

तर एप्रिलमध्ये यवतमाळला अशा मुलांच्या डॉक्टर आहेत, दीपमालाबाई, त्यांच्याकडे तिला नेलं. रजतला सुट्टी नव्हती म्हणून मी गेलो. बाई तरुण, पण समजावून सांगण्याची हातोटी अशी की माझ्या हाताखालच्या निम्म्या शिक्षकांना त्यांच्याकडे पाठवायला हवं होतं. त्यांनी समीक्षाला एका दांडीला लोंबकळायला सांगितलं. पोर तीन सेकंदांत सुटली. मग बाई मला म्हणाल्या की लिहिणं दिसतं बोटांचं, पण बोटांना जोर खांद्यापासून येतो, आणि खांद्याला जोर येतो तो लोंबकळून, ओढून, चढून. झाडावरच्या पोराला प्रत्येक पावलाला ठरवावं लागतं, फांदी किती लांब, आपला भार सोसेल का, आता हात आधी की पाय. अंगाला तोल कळतो, डोक्याला अंदाज बांधायची सवय लागते आणि एकदा वर पोचलं की 'मला नाही जमत' हे आपोआप सुटतं. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे चढण्याजोगं झाड आहे का?" मी म्हटलं, आहे. त्यांनी चिठ्ठी लिहिली: झाडावर चढणे, रोज अर्धा तास, पोटभर जेवणावर नाही, कोणीतरी खाली उभं असावं. मी सवयीने ती चिठ्ठी औषधाच्या दुकानात दिली. त्या माणसाने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत देत म्हणाला, "हे आता येत नाही, गुरुजी."

मी हसलो नाही. बसस्टँडवर समीक्षाला उसाचा रस पाजला (सुट्टीभर ती इकडेच राहणार होती) आणि दारव्ह्याची बस येईपर्यंत त्या वाक्यावर विचार करत बसलो. कारण ते येईनासं करण्यात माझाही हात आहे.

तुला आमच्या शाळेतला कडुनिंब आठवतो? मी मुख्याध्यापक झालो तेव्हा तू आली होतीस, पेढे घेऊन, आणि त्या झाडाकडे बघत म्हणाली होतीस की याच्या फांद्या अगदी जिन्यासारख्या आहेत. तुझी नजरच ती. दुसऱ्याच वर्षी त्यावरून एक पोरगा पडला. झालं काहीच नाही, सदऱ्याची दोन बटणं तुटली. पण त्याच आठवड्यात तपासणी होती आणि मी घाबरलो. खालच्या सगळ्या फांद्या दोन पुरुष उंचीपर्यंत करवतीने कापून घेतल्या, बुंध्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कडं केलं, त्याच्या वर खोडाला चुना आणि गेरूचे पट्टे मारले, आणि एक पाटी लावली. तपासनीस साहेबांनी शेरा मारला: परिसर शिस्तबद्ध. तो शेरा मी चौकटीत घालून टांगला होता, ताई. आणि पुढची तेरा वर्षं मी काय केलं असेल? ज्या पोरांना झाडाखाली हाताची घडी घालून बसवलं, त्याच पोरांना अक्षर खराब म्हणून छड्या मारल्या. दहा-दहा वेळा लिहून आणायला लावलं. आज डोळ्यांसमोर ते हात येतात. आता कोणाकोणाकडे जाऊन माफी मागू? निम्मे पुण्याला आहेत.

असो. झालं ते झालं असं म्हणून मी कामाला लागलो, आणि इथे माझी दुसरी चूक सुरू होते. माणूस छत्तीस वर्षं शिक्षक असला की त्याला पोरीला नुसतं झाडाकडे नेता येत नाही. मी टाचण काढलं. घटक: झाडावर चढणे. उपघटक: पहिले बेचके. उद्दिष्टे पाच. पूर्वज्ञान: विद्यार्थिनीस आंबा हे फळ परिचित आहे. शैक्षणिक साहित्य: दोडक्या आंबा (आपलाच, विहिरीजवळचा, ज्याच्या कैऱ्यांना दोडक्यासारख्या शिरा असतात), बैलाचा कासरा एक, गादी एक, रजतचं हेल्मेट, कपिलने लहानपणी इथे विसरलेले क्रिकेटचे पॅड, फळा, खडू. प्रस्तावना, विषय प्रतिपादन, दिग्दर्शन, मूल्यमापन. सगळं रकान्यांत आखून. 'दिग्दर्शन'समोर मी काय लिहिलं होतं माहीत आहे? 'शिक्षक स्वतः चढून दाखवतील.' हे लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही.

बारा मे, सकाळी साडेसहा. (नंतर ऊन असं की झाडच काय, माणूस पलंगावरसुद्धा चढू नये.) गादी झाडाच्या पूर्वेला अंथरली, फळा खोडाला टेकवला. समीक्षाला हेल्मेट, पॅड, कमरेला कासरा. कासऱ्याचं दुसरं टोक लालसिंगच्या हातात. लालसिंग म्हणजे आपलं वावर पाहतो तो; पलीकडच्या बंजारा तांड्यातला, आता बायकोसह इथेच बाजूच्या खोलीत राहतो. त्याने पोरीकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, पोरीले झाडावर चढवून राह्यले का लढाईले धाडून राह्यले?" मी त्याला गप्प बसवलं आणि फळ्यावर आंब्याची आकृती काढून वीस मिनिटं बोललो. गुरुत्वमध्य समजावला. समीक्षा हेल्मेटच्या आतून ऐकत होती, की झोपली होती, कळायला मार्ग नव्हता. शेवटी तिने काच वर केली आणि एकच विचारलं, "आजोबा, तुम्ही लहानपणी यावर चढायचात?"

आता इथे तू हसशील. हस. तुला ठाऊकच आहे की मी आयुष्यात कधी झाडावर चढलो नाही. तू शेंड्यावर, आपला चुलतभाऊ घनश्याम मधल्या फांदीवर, आणि मी खाली टॉवेल पसरून कैऱ्या झेलायला. तू किती वेळा म्हणायचीस, "ये ना रे वामन, मी हात देतो ना तुले," आणि मी म्हणायचो, मले नाही जमत. तर नातीला मी काय सांगितलं असेल? हो म्हटलं. शेंड्यापर्यंत म्हटलं. मग चढून दाखवणं आलंच.

लालसिंगच्या खांद्यावर पाय देऊन मी पहिल्या बेचक्यात पोचलो. ते किती उंच आहे? तू उभी राहून हात वर केलास तर लागेल एवढं. पण वरून पाहिलं तर दारव्ह्याची पाण्याची टाकी माझ्याहून ठेंगणी वाटायला लागली. एक हात फांदीला, दुसरा हात दुसऱ्या फांदीला, चष्मा वरच्या डहाळीला अडकलेला, आणि पँट मागून फाटलेली (आवाज सगळ्यांनी ऐकला). त्यात लाल मुंगळे. लालसिंगची बायको लालीबाई न्याहारी घेऊन आली होती, ती खालून म्हणाली, "गुरुजी, खाली नोका पाहू. पाय सोडा, झाडच धरते माणसाले." मला काहीच सोडता येत नव्हतं. अर्धा तास मी तसाच. लालसिंग शिडी आणायला तांड्याकडे गेला. (टाचणात शिडी नव्हती.)

आणि त्या अर्ध्या तासात, ताई, जे व्हायचं ते झालं. समीक्षाने हेल्मेट काढलं. पॅड काढले. कासरा लालीबाईने सोडवला. मला खालचं नीट दिसत नव्हतं, चष्मा नव्हता ना. मला वाटलं पोर कंटाळून बसली. आणि एकदम माझ्या कोपराजवळ तिचं तोंड! अनवाणी, केस विस्कटलेले, दात दिसतायत. म्हणाली, "आजोबा, तुमचा चष्मा देते." आणि माझ्या बाजूने वरच्या फांदीकडे हात घातला. ज्या पोरीला बटण लावता येत नाही, ती पायाच्या अंगठ्याने खोडाची खाच शोधत होती. ती अगदी तुझ्यासारखी चढत होती. फांदी आधी दोनदा दाबून बघायची तुझी सवय होती ना? तिला कोणी शिकवली?

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, एवढंच. टाचणातलं एकही उद्दिष्ट बाकी न राहता सगळं साधलं होतं. पण फांदी जराशी वाकली, आणि मी ओरडलो. "उतर खाली! पडशील! आधी उतर!" तो आवाज माझा नव्हता, ताई. तो बाबांचा होता. त्याच झाडाखाली साठ वर्षांपूर्वी तू ऐकलास तोच. पोरीचं तोंड असं उतरलं की काय सांगू. ती उतरली, नीट, एकेक पाय ठेवून, कुठेही न घसरता. मग मी उतरलो. माझं उतरणं एकदम झालं. गादी होती, पण ती टाचणाप्रमाणे पूर्वेला होती. मी पश्चिमेला पडलो. घोट्याचं हाड मोडलं.

प्लास्टरचं मला काही वाटत नाही. वाटतं ते हे की त्या दिवसापासून पोर झाडाचं नाव काढत नाही. मी विचारलं तर म्हणते, "आजोबा पडले ना, मग मी पण पडेन. मला नाही जमत." मी पलंगावरून किती सांगितलं, बेटा, माझी चूक झाली, तू छान चढत होतीस. ती मान हलवते आणि निघून जाते. जून लागला, शाळा तीन आठवड्यांवर आली. एवढी सुट्टी मी वाया घालवली आणि तिला एक नवी भीती शिकवून ठेवली. तेरा वर्षं काट्यांचं कडं घालून जे केलं ते इथे एका ओरडण्यात केलं.

बाकी तब्येत तिची बरी आहे. दुपारी मी गोळी घेऊन दोन तास झोपतो तेव्हा लालीबाई तिला सांभाळते. समीक्षा तिला याडी म्हणते, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. दोघींचं चांगलं जमलं आहे. पोरीचे गुडघे मात्र सारखे खरचटलेले असतात. लालीबाई म्हणते मांजरीच्या मागे धावते. (मांजर मी अजून पाहिलेली नाही.) संध्याकाळी ताटात कैरीची चटणी असते, वाऱ्याने कैऱ्या पडतात म्हणे. चार दिवस पानसुद्धा हललेलं नाही, पण झाड म्हातारं झालं, गळत असतील. पोर जेवते दुप्पट आणि पाठ टेकली की झोपते. उन्हाचा परिणाम असावा.

आणखी काय लिहू? भाऊजींना नमस्कार. कपिलला आशीर्वाद. पत्र लिहायला तीन दुपारी लागल्या. पाकीट चिकटवून पेटीत टाकायचं काम समीक्षाला दिलं आहे, लालसिंगबरोबर जाईल. निदान एवढं तरी तिला जमतं हे तिला कळू दे.

तुझा,
वामन

ता. क. कपिलच्या गाडीचं विचारलं होतं ते यासाठी: गाडी दुरुस्त असेल तर त्याने तुला आठ दिवसांसाठी इकडे आणून सोडावं. तुला झाडावर चढायचं नाही, घाबरू नकोस. दोडक्याखाली खुर्ची टाकून देतो, त्यात बसायचं, गुडघा लांब करायचा आणि पोरीला नुसतं सांगायचं की आता उजवा पाय, आता ती फांदी दाबून बघ. खालून काय बोलायचं हे आपल्या घरात फक्त तुला कळतं. मी पुढच्या खोलीतून बाहेर येणार नाही. ओरडणार तर मुळीच नाही. हवं तर तोंडात सुपारी धरून बसतो.

ता. क. दुसरा. हे पत्र यासाठीच होतं, वरचं सगळं टाळाटाळ होती. त्या उन्हाळ्यात तू बारा वर्षांची आणि मी नऊचा. तू शेंड्यावर असताना बाबा बाजारातून अवेळी काठी घेऊन आले आणि म्हणाले, "माकडावानी काय चढून राह्यली वं? उतर खाली!" झाड त्याच दिवशी बंद झालं आणि जूनमध्ये शाळाही. पोरगी मोठी झाली म्हणाले. बाबांना कोणी सांगितलं? तू म्हणत आलीस, घनश्यामने. त्याला तू राखी बांधणं सोडलंस, त्याच्या मुलीच्या लग्नाला दिग्रसला गेली नाहीस. ताई, घनश्यामने नाही. मी सांगितलं. रस्त्यापर्यंत पळत गेलो आणि सांगितलं. तू त्या दिवशी मला हात दिलास, घनश्यामसमोर, आणि मला नाही जमलं. तू हसली नव्हतीस. हसली असतीस तर निदान मला सबब राहिली असती. पुढे मी तुझ्याच पुस्तकांवर सातवी पास झालो; पहिल्या पानावर तुझं नाव होतं, ते मी खोडलं. घनश्याम परवा भेटायला आला होता. इतकी वर्षं ऐकून ऐकून आता बिचाऱ्याला वाटतं की त्यानेच सांगितलं असेल. म्हणाला, कोकिळेला माझ्याकडून माफी माग. मी तेव्हाही गप्पच बसलो. तू आलीस तर समजेन की माफ केलंस. नाही आलीस तरी रागावायचा हक्क तुझाच आहे. पण पोरीसाठी ये.

ता. क. तिसरा (पेन्सिलीने)
आत्याआजी, मी समीक्षा. पाकीट अजून उघडं आहे म्हणून लिहिते. आजोबा झोपले की मी आणि लालीयाडी रोज झाडावर जातो. मी तिसऱ्या फांदीवर जाते. तिथून कोळशाचा नाही, पण एक ट्रक दिसतो. तुम्ही या, मग आपण चौथ्या फांदीवर जाऊ. हे सगळं मी ओळीत लिहिलं आहे, बघा. पण आजोबांना सांगू नका. ते लगेच पप्पांना सांगतात.